पॉलिमरयुक्त डांबर

रस्त्याची खडी धरून ठेवणाऱ्या डांबरात पॉलिमर मिसळून तयार केलेले बंधक. सर्वाधिक वापर स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन (एसबीएस) या रबरासारख्या पॉलिमरचा. प्रमाण वजनाच्या साधारण ३ ते ७ टक्के.

व्हीजी-३० या नेहमीच्या प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू (ते मऊ पडते ते तापमान) किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशी ओलांडते आणि काळा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. मग जड वाहनांच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात, डांबर वर येते. पॉलिमर हे टाळायला मदत करते. गरम डांबरातले तेलकट घटक शोषून एसबीएस फुगते; थंड होताना त्याच्या साखळ्यांची टोके ठिकठिकाणी एकवटून जाळे तयार होते. या जाळ्यामुळे दाबलेला थर बराचसा पूर्ववत होतो आणि उन्हात लवकर सैल पडत नाही. मात्र पॉलिमर मिसळणे सोपे नाही. सुमारे १७० ते १८० अंशांना, वेगाने फिरणाऱ्या गिरणीतून पॉलिमर बारीक करावे लागते. ते नीट न मुरल्यास टाकीत वेगळे होऊन वर येते. अति तापवल्यास साखळ्याच तुटतात. रस्त्याकडेच्या पिंपात ढवळून हे जमत नाही.

यासाठीचे भारतीय मानक आयएस १५४६२ हे २००४ चे. २०१९ च्या सुधारणेत प्रतींना तापमानावरून नावे मिळाली: पीएमबी ७६-१० म्हणजे वरची मर्यादा ७६, खालची उणे १० अंश.

‘प्लॅस्टिकचा रस्ता’ हा वेगळा प्रकार. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांच्या पद्धतीत टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे आधी तापल्या खडीवर टाकतात. खडीला लेप बसतो, डांबर मागाहून येते. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरपर्यंत असे प्लॅस्टिक वापरावे, असा केंद्राचा आदेश नोव्हेंबर २०१५ चा. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे तुळजापूर त्या अंतरात येते.

धाराशिव जिल्ह्यातील सर्व रस्त्यांना पॉलिमरयुक्त डांबर सारखेच उपयोगी नाही. उसाच्या ट्रॉल्या वाहणारे अनेक ग्रामीण रस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तळच हलल्यावर वरचा थर कितीही लवचीक असला तरी तडकतो. अशा ठिकाणी पैसा आधी मुरमाच्या भरावावर, चुना मिसळून माती स्थिर करण्यावर आणि बाजूच्या गटारांवर खर्च व्हावा. महागड्या पॉलिमरचे खरे काम सोलापूर-तुळजापूर-येडशी किंवा नळदुर्ग-उमरगा यांसारख्या, पक्का पाया आणि सततची अवजड वाहतूक असलेल्या महामार्गांवर आहे.