गॉसिप

'गॉसिप' हा शब्द जन्मला चक्क चर्चमध्ये. जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला उभे राहणारे धर्माचे आईबाप. 'गॉड' म्हणजे देव आणि 'सिब' म्हणजे सोयरा. हाच 'सिब' आजच्या 'सिब्लिंग'मध्ये टिकून आहे. शेक्सपिअरच्या 'द कॉमेडी ऑफ एरर्स'च्या शेवटी गॉसिपांच्या मेजवानीचं आमंत्रण येतं, तेही याच अर्थाने.

पुढे हे सोयरे नुसते मित्र झाले. बाळंतिणीच्या खोलीत जमणाऱ्या सख्यांनाही तेच नाव पडलं. दार लावलेलं, पुरुषांना मज्जाव, आणि प्रसूतीला लागणारे तासन् तास. गप्पा रंगणारच! आत काय शिजतंय हे बाहेर ताटकळणाऱ्यांना कळेना. मला वाटतं, शब्दाची बदनामी तिथेच सुरू झाली. १६व्या शतकात 'गॉसिप' म्हणजे चकाट्या पिटणारी व्यक्ती, तर १९व्या शतकात त्या चकाट्याच.

मराठीने तो उचलला या शेवटच्या अर्थाने. खरं तर कुचाळक्या, चहाड्या, उखाळ्यापाखाळ्या असा ऐवज आपल्या घरातच होता. पण 'चल, जरा कुचाळक्या करू' असं कोण म्हणेल? 'गॉसिप करू' मात्र सगळेच बिनदिक्कत म्हणतात.