अतिवृष्टी

अतिवृष्टी (नाम, स्त्रीलिंगी) : प्रमाणाबाहेर पडलेला पाऊस. ‘अति’ आणि ‘वृष्टी’ मिळून झालेला संस्कृत शब्द. शेतीवर कोसळणाऱ्या ‘ईतीं’ची, म्हणजे संकटांची, पारंपरिक यादी अतिवृष्टीपासूनच सुरू होते, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट मागून येतात.

किती पाऊस म्हणजे ‘अति’, हे परंपरेने सांगितले नाही. सरकारी दफ्तराने सांगितले. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला गेला, की अतिवृष्टी. नोंद 64 वर थांबली, तर तो नुसता पाऊस. गोंदिया तालुक्यातील कामठा हे असेच एक मंडळ. पर्जन्यमापक एका जागी, शिवारे मात्र अनेक गावांची. ढग काही मंडळाची हद्द पाहून बरसत नाही.

वरच्या टोकाला मर्यादाच नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत कुलाब्याला सुमारे 73, तर सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. 65 चा निकष लावला तर दोन्ही अतिवृष्टीच. वर्तमानपत्रे अशा वेळी ‘ढगफुटी’ लिहून मोकळी होतात. तो शब्द तासाभरात सुमारे 100 मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसासाठी राखलेला आहे.

कामठ्याच्या धानपट्ट्यात या आकड्याची खरी परीक्षा होते. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी साचलेले हवेच असते, आणि बांध फुटला नाही, पऱ्हे वाहून गेले नाहीत, तर 65 मिलिमीटरचा पाऊसही पचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना मात्र त्याच्या पाव हिश्श्यानेही दाणा काळा पडतो, लोंबीतच कोंब फुटतात. ‘पानी गंज आला’, म्हणजे पाऊस फार झाला, असे शेतकरी म्हणतो, तेव्हा तो मिलिमीटर मोजत नाही, कडपा बघत असतो. नुकसानभरपाईसाठी मात्र पीकहानी किमान 33 टक्के असावी लागते आणि ती पंचनाम्यात यावी लागते.

रोज थोडा थोडा पडून पीक कुजवणारा पाऊस अतिवृष्टीच्या व्याख्येत बसत नव्हता. 2023 मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मानली : सलग पाच दिवस, दररोज किमान 10 मिलिमीटर, शिवाय सरासरीशी तुलना. ‘ओला दुष्काळ’ हा शब्द सभांत आणि मोर्चांत सर्रास ऐकू येतो. भरपाईच्या निकषांत त्याला जागा नाही.