ओला रॉड, कोरडा रॉड : गोंदियाच्या पावसात ओव्हन निवडताना

आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला फोनवरच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत वेल्डिंग रॉडचा ओव्हन कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण गोंदिया जिल्ह्यात ज्यांची राईस मिल आहे, फॅब्रिकेशनचं दुकान आहे किंवा घरात कोणी वेल्डर आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. त्यांना प्रश्न पडतो तो वेगळा : घ्यायचा तर कोणता घ्यायचा? आम्ही त्याचं उत्तर शोधायला निघालो आणि शोधता शोधता शंभर वर्षं मागे गेलो. म्हणून हे व्याख्यान.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. गाव आणि मिल, दोन्हींची नावं राहू द्या.

आपल्याकडे मिलची मोठी दुरुस्ती पावसाळ्यात निघते. दिवाळीच्या सुमारास नवा धान यायला लागला की यंत्र थांबवायला कोणी तयार नसतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडायचं. अशाच एका ऑगस्टमध्ये एलिव्हेटरचा झिजलेला शाफ्ट भरून घ्यायचा होता. वेल्डर अनुभवी होता. रॉड ७०१८, म्हणजे चांगला, महागाचा. त्यानं शाफ्ट भरला, खरादवर लावून माप घेतलं, सगळं चोख. आम्ही तिथे होतो, आम्हीही बघून मान डोलावली. शनिवारी काम झालं. सोमवारी सकाळी भरावाच्या कडेला केसाएवढी रेघ. बुधवारी शाफ्ट दोन तुकडे.

दोष कोणाचा? वेल्डरचा, असंच सगळ्यांनी धरलं. आम्हीसुद्धा. त्याची मजुरी कापली गेली. तो एवढंच म्हणत राहिला, "भाऊ, हात माझा बरोबर होता." पुढे कितीतरी दिवसांनी दुकानातली रॉडची पेटी पाहिली. पत्र्याची पेटी, आत दोनशे वॉटचा बल्ब, रॉड गरम राहावेत म्हणून. बल्ब गेलेला होता, आणि कधी गेला ते कोणालाच सांगता येईना. खरं तर बल्ब चालू असता तरी फार फरक पडला नसता. का, ते आता बघू.

आपल्या भागात लोखंडाचं मोठं काम आलं ते रेल्वेबरोबर. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, गोंदिया जंक्शन झालं, पुढे नॅरोगेजचे फाटे निघाले. त्या काळातले पूल रिव्हेटचे. रिव्हेट लाल करून भोकात घालायचा आणि ठोकायचा. पाऊस पडला तर कामगार भिजायचा, पण रिव्हेटला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ओल हा लोखंडाच्या जोडाचा शत्रू होतो तो वेल्डिंग आल्यावर.

विजेच्या ठिणगीनं धातू वितळवून जोडण्याची युक्ती १८८० च्या दशकातली, रशियातली. बेनार्दोस यांनी कार्बनची कांडी वापरली, स्लाव्यानोव्ह यांनी धातूचीच. पण उघड्या तारेचा जोड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घ्यायचा आणि ठिसूळ व्हायचा. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी यांनी १९०४ मध्ये एसाब ही कंपनी काढली आणि १९०७ मध्ये लेप दिलेल्या रॉडचं पेटंट घेतलं. तारेवर खनिजांचा लेप, तो जळून धूर आणि मळी तयार होते, आणि वितळलेल्या धातूवर पांघरूण पडतं. आज जो रॉड आपण पाकिटातून काढतो त्याचा हा पूर्वज.

लेप आला आणि लेपाबरोबर पाणी आलं. लेपाची भुकटी तारेला चिकटवायला सिलिकेटचा द्रव लागतो, त्याला बोली भाषेत काचपाणी म्हणतात. हे काचपाणी वाळलं तरी हवेतली वाफ ओढत राहतं. ठिणगीच्या उष्णतेत ती वाफ फुटते आणि हायड्रोजन मोकळा होतो. हिशेब करून बघा : १ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण वीस थेंब, त्यातून जवळजवळ सव्वा लिटर हायड्रोजन निघतो. वितळलेलं पोलाद तो पिऊन घेतं. पोलाद थंड झालं की त्याला तो पोटात ठेवता येत नाही. मग हायड्रोजन हळूहळू सरकतो आणि वेल्डच्या शेजारी उष्णतेनं कडक झालेली जी पट्टी असते तिथे जमतो. पोलाद कडक, जोडात ताण, आणि वर हायड्रोजन. तिन्ही एकत्र आले की तडा जातो. तो लगेच जात नाही. काही तासांनी जातो, कधी दोन-तीन दिवसांनी. शनिवारचं काम आणि सोमवारची रेघ आठवा.

हे कळायला जगाला वेळ लागला. १९२०-३० च्या दशकांत सेल्युलोजच्या लेपाचे रॉड फार चालले. त्यांच्यात हायड्रोजन मुद्दामच असतो, त्याच्या जोरावर ठिणगी खोल जाते. साध्या मऊ पोलादावर ते चालून जायचं. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या चिलखती पोलादावर मात्र वेल्डच्या खाली तडे दिसू लागले. उपाय म्हणून क्रोमियम-निकेलचे स्टेनलेस रॉड वापरले, पण हे धातू युद्धात दुर्मिळ. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, की स्टेनलेस रॉडवर वापरतात तो चुन्याचा लेप साध्या तारेवर दिला तरी तडे कमी होतात, कारण त्या लेपात हायड्रोजन देणारं काही नाही. तिथून लो-हायड्रोजन रॉड जन्मले. ७०१८ त्याच घराण्यातला.

पण या रॉडची सगळी प्रतिष्ठा कोरडेपणावर. ओला झाला की तो लो-हायड्रोजन राहतच नाही, नाव तेवढं राहतं. आपण महागाची वस्तू घेतो आणि स्वस्ताहून वाईट वापरतो.

तडा दिसत नसला की काय होतं, याचं एक उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. मेलबर्नचा किंग्ज ब्रिज १९६१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. १० जुलै १९६२ ला, तिथल्या ऐन थंडीत, सुमारे ४५ टनांचं वाहन जाताना पुलाचा एक गाळा खचला. जीव गेला नाही, नशीब. चौकशी आयोग बसला. गर्डरचं पोलाद वेल्डिंगला अवघड जातीचं होतं, आणि तडे वेल्डच्या कडेच्या कडक पट्टीतून सुरू झाले होते. काही तड्यांच्या आत रंग सापडला. म्हणजे गर्डर रंगवला तेव्हाच तडा तिथे होता आणि त्याच्यावरून ब्रश फिरला होता. त्या पुलाचं सगळं खापर ओल्या रॉडवर फोडणं चूक होईल, पोलाद आणि आराखडा दोन्ही दोषी होते. आम्हाला त्या कथेतला रंग विसरता येत नाही, एवढंच. आम्ही शाफ्ट बघून मान डोलावली होती ना!

भारतात १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी मुंबईत सुरू झाली आणि रॉड देशात बनू लागले. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आपल्याच रेल्वेमार्गावर. १९७५ मध्ये तिरुचिरापल्लीला वेल्डिंग संशोधन संस्था आली. आपल्या आयएस ८१४ या मानकात रॉडच्या खुणेपुढे एच-१, एच-२, एच-३ असं लिहिलेलं असतं, ते हायड्रोजनच्या मर्यादेसाठी. एच-१ म्हणजे १०० ग्रॅम वेल्डधातूत १५ मिलिलिटरपर्यंत, एच-२ म्हणजे १०, एच-३ म्हणजे ५. शंभर ग्रॅम पोलादाचं स्वतःचं आकारमान जेमतेम १३ मिलिलिटर आहे. म्हणजे १५ मिलिलिटर हायड्रोजन हा पोलादापेक्षाही जास्त जागेचा पाहुणा.

जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच उभे राहिले, एकूण ३,३०० मेगावॉट, पहिला २०१२ मध्ये. एवढ्या मोठ्या बॉयलरच्या कामात रॉडचा ओव्हन ही चैन नसते. रॉड भट्टीतून कधी निघाला, कोणाला किती दिले, उरलेले कधी परत आले, याची वही असते. आपल्या गल्लीतल्या दुकानात ही वही नसते. अडचण तिथेच आहे.

आता निवडीकडे येऊ. आम्हाला वाटतं गोंदियाच्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्या कोणाही पेक्षा लवकर समजायला हवी, कारण ओल मोजणं हा आपला धंदाच आहे. सरकारी खरेदीत धानाला १७ टक्के ओलीची मर्यादा, हे शेतकऱ्याला पाठ असतं. मिलवाल्याला हेही माहीत असतं की गोदाम म्हणजे ड्रायर नव्हे. ओला धान चांगल्यातल्या चांगल्या गोदामात ठेवला तरी तो वाळत नाही, कुजतो. रॉडचंही तसंच. कोरडा रॉड कोरडा ठेवणं हे एक काम, ओला झालेला रॉड कोरडा करणं हे वेगळं काम, आणि त्यांना वेगवेगळी यंत्रं लागतात. फरक एवढाच, की धानाला १७ टक्के चालतात आणि ७०१८ च्या लेपाला अमेरिकी मानकाप्रमाणे ०.६ टक्क्यांवर चालत नाही.

बल्बची पेटी म्हणजे गोदाम. फार तर पन्नास-साठ अंश. भिजलेल्या ७०१८ मधलं पाणी काचपाण्यात घट्ट बसलेलं असतं. ते काढायला साधारण २५० ते ३५० अंश लागतात, तेही तास-दोन तास. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, तोच पाळायचा. एकानं आम्हाला विचारलं, बिडीच्या भट्टीत ठेवले तर? गोंदियातच सुचावा असा प्रश्न. बिडी शेकतात ती पानाची नि तंबाखूची ओल घालवायला, तिथे साडेतीनशे अंश केले तर बिडी उरणारच नाही. आणि बेकरीचा ओव्हनही नको. उष्णता अपुरी, आणि त्यात पुन्हा पाव भाजायचे असतात.

म्हणून दुकानात जाताना आधी हे ठरवा, की आपण कोणता रॉड जाळतो. गेट, ग्रिल, शेड, म्हणजे ६०१३ चं काम असेल तर मोठ्या ओव्हनवर पैसे घालू नका. पाकीट जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. दमट झालंच तर शंभर-सव्वाशे अंशात तासभर पुरतं. सेल्युलोजचे, ६०१० सारखे रॉड असतील तर ओव्हनमध्ये घालूच नका. त्यांच्या लेपाला थोडी ओल लागते, भाजले की बिघडतात. 'रॉड गरम म्हणजे चांगला' हा समज इथे उलटा पडतो.

७०१८ वापरत असाल तर दोन रस्ते. एक, भाजणारा ओव्हन : साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत जाणारा, थर्मोस्टॅट असलेला, वाफ बाहेर जायला झरोका असलेला. झरोका बघितल्याशिवाय घेऊ नका. वाफ आतच फिरली तर काय उपयोग? रॉड थप्पी लावून कोंबायचे नाहीत, आणि थंड रॉड एकदम पूर्ण उष्णतेत टाकायचे नाहीत, लेप तडकतो. तिथून निघालेले रॉड १२० अंशांच्या आसपास राखणाऱ्या ओव्हनमध्ये, आणि तिथून वेल्डरच्या हाताशी ५ किलोच्या पोर्टेबल डब्यात. हा पोर्टेबल डबा म्हणजे पुन्हा गोदामच, हे विसरायचं नाही. त्याच्यावर कितीही आकडे लिहिलेले असोत.

दुसरा रस्ता, व्हॅक्यूम पॅकची लहान पाकिटं आणि एक पोर्टेबल डबा. पाकीट फोडायचं, लगेच डब्यात, दिवसात संपवायचं. दोन वेल्डरच्या दुकानाला आमचं मत या रस्त्याला. मोठा ओव्हन घेऊन त्यात आठवड्यातून एकदा दोन किलो भाजणं म्हणजे रिकामा ट्रक नागपूरला नेणं. पाकीट महाग पडतं, खरं. पण वीज गेली आणि ओव्हन थंड झाला तर रात्रीतून काय झालं हे कळायला मार्ग नसतो. बंद पाकिटाला विजेशी देणंघेणं नाही.

आणि कोणताही ओव्हन घ्या, आत एक वेगळा थर्मामीटर ठेवा. बाहेरच्या डायलवर विश्वास टाकायचा नाही. लाल दिवा लागला आहे एवढ्यावरून आत किती अंश आहेत ते कळत नाही. आमच्या गोष्टीतल्या पेटीला तर दिवाही नव्हता.

तो शाफ्ट मग दुसरा केला. या खेपेला पोलाद आधी गरम करून घेतलं, कारण पहिल्या वेळी तेही झालं नव्हतं. नुसता रॉड कोरडा असून भागत नाही. नवं पाकीट फोडलं. काम त्याच वेल्डरनं केलं. कापलेली मजुरी त्याला परत मिळाली की नाही, ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून आला आहे : संध्याकाळी उरलेल्या रॉडचं काय? अमेरिकी नियमात उघड्या हवेत ७०१८ ला साधारण चार तासांची मुभा आहे, आपल्या श्रावणात आम्ही त्याहून कमीच धरू. त्याच्या आत परत डब्यात गेले तर ठीक. वेळ टळली तर पुन्हा भाजायचे, पण एकदाच. दुसऱ्यांदा भिजलेले रॉड वेगळ्या डब्यात टाका, वर खडूनं 'गेटसाठी' असं लिहा, आणि तो डबा शाफ्टच्या कामाच्या आसपास ठेवू नका.