नकाशावरचे नाव : स्त्री-वास्तुविशारदांच्या परिषदा आणि महाराष्ट्र

वास्तुविशारद स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगितला जातो, कारण १९६३ मध्ये सोलांज द'एर्बे द ला तूर यांनी तेथे या व्यवसायातील स्त्रियांचा जागतिक संघ स्थापन केला आणि तो फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून 'युइफा' म्हणून ओळखला जाऊ लागला. मुंबईकडून पाहिले, तर मात्र ही कथा त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ सुरू झालेली दिसते. सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकला विभागातून पेरिन जमशेदजी मिस्त्री यांनी १९३६ मध्ये पदविका मिळवली आणि वास्तुकलेचे रीतसर शिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईतीलच विद्यार्थ्यांच्या १९१७ मधील मंडळातून वाढत जाऊन १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' हे नाव धारण केलेल्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासदही होत्या.

त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बांधकामाच्या व्यवसायात होते आणि शिक्षणानंतर त्या वडिलांच्याच फर्ममध्ये काम करू लागल्या, जेथे त्यांचे बंधू मिनोचर हेही वास्तुविशारद होते. कारमायकल रोडवरील सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला, बोरिवलीतील खटाव मिल आणि कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च ही कामे त्यांच्या नावे सांगितली जातात. येथेच या इतिहासाची मुख्य अडचण उभी राहते. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, जिच्यात प्रकल्पाचे नाव, प्रमाण आणि जबाबदार वास्तुविशारदाचा उल्लेख असतो. तेथे 'मिस्त्री' एवढेच लिहिलेले असेल, तर ते वडिलांचे, भावाचे की कन्येचे, हे केवळ कागदावरून ठरवता येत नाही. वडील, बंधू किंवा पती यांच्या फर्ममधून काम केलेल्या कितीतरी स्त्रियांचे कर्तृत्व जगभर असेच सामायिक नावाखाली गेले, आणि स्त्री-वास्तुविशारदांच्या परिषदांचे महत्त्व या नोंदीच्या प्रश्नातूनच नीट समजते.

त्या काळात व्यवसायाच्या जागतिक मेळाव्यात एखादी स्त्री गेलीच, तर ती एकटीच जात असे. मूळच्या श्रीलंकेच्या मिनेट डि सिल्वा मुंबईत जे. जे. मध्ये शिकत होत्या. १९४२ च्या सुमारास गांधीजींच्या अटकेविरुद्धच्या आंदोलनात भाग घेतल्यामुळे त्यांना तेथून काढण्यात आले, तरी पुढे लंडनमध्ये शिक्षण पूर्ण करून १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या 'रॉयल इन्स्टिट्यूट'चे सभासदत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथे 'सियाम'चे, म्हणजे आधुनिक वास्तुकलेच्या पुरस्कर्त्यांनी १९२८ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे, सहावे अधिवेशन भरले, तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या. मुल्कराज आनंद यांच्याबरोबर १९४६ मध्ये मुंबईत 'मार्ग' हे नियतकालिक सुरू करणाऱ्या गटातही त्या होत्या. या नियतकालिकाचे मोल येथे विशेष आहे, कारण परिषदा वर्षावर्षांच्या अंतराने भरतात, तर छापील अंक व्यवसायातील माणसांना सतत एकमेकांशी जोडून ठेवतो. १९६५ मध्ये प्रवीणा मेहता, चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची योजना मांडली, ती याच 'मार्ग'च्या पानांवर. १९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेने त्या कल्पनेला शासकीय रूप आले, जे. जे. आणि नंतर शिकागो येथे शिकलेल्या प्रवीणा मेहता यांचे नाव मात्र नवी मुंबईच्या लोकप्रिय आठवणींत उरलेल्या दोघांच्या मागे पडले. तीन लेखकांच्या योजनेतील एक नाव इतक्या लवकर फिके व्हावे, हे न्याय्य नव्हते.

युइफाने ही एकटेपणाची स्थिती बदलण्याचा प्रयत्न केला. मोनॅको (१९६९) आणि बुखारेस्ट (१९७२) येथील अधिवेशनांनंतर ऑक्टोबर १९७६ मध्ये इराणमधील कास्पियन किनाऱ्यावरील रामसर येथे वास्तुविशारद स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. महाराणी फराह यांच्या आश्रयाखाली झालेल्या या परिषदेला डेनिस स्कॉट ब्राउन, अ‍ॅलिसन स्मिथसन, गाए आउलेन्ती आणि चंदीगडच्या उभारणीत काम केलेल्या जेन ड्रू यांच्यासारख्या स्त्रिया आल्या. वास्तुकलेतील अस्मितेचे संकट हा तिचा विषय होता. एकाच साच्यातील काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती सर्व हवामानांत उभ्या राहत असताना स्थानिक बांधणीचे काय होणार, ही चिंता त्यामागे होती. परिषदेतील भाषणे मात्र विरून जातात, आणि त्यावरचा उपाय पुढे अमेरिकेत मिळाला : बल्गेरियात जन्मलेल्या मिल्का ब्लिझ्नाकोव्ह यांनी १९८५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात वास्तुविशारद स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय अभिलेखागार उभारले, जेथे आराखडे, पत्रव्यवहार आणि व्यावसायिक कागदपत्रे जपली जातात.

मुंबईत असा मेळावा भरला तो फेब्रुवारी २००० मध्ये. १९७८ पासून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या ब्रिंदा सोमाया यांच्या पुढाकाराने, वारसा, शिक्षण आणि संवर्धनासाठी काम करणाऱ्या 'हेकार फाउंडेशन'तर्फे, 'विमेन इन आर्किटेक्चर २००० प्लस' ही दक्षिण आशियावर भर देणारी परिषद आणि तिच्यासोबतचे प्रदर्शन झाले. सोमाया आणि उर्वशी मेहता यांनी तिची कार्यवाही 'अ‍ॅन इमॅन्सिपेटेड प्लेस' या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य जगात जी जाणीव अभिलेखागारापर्यंत पोहोचायला दोन दशके लागली, ती येथे पहिल्याच परिषदेत ग्रंथरूप घेऊन आली, ही तिची मोठीच मिळकत होय.

तरीही परिषदांच्या या जाळ्याची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात असलेले कामरगाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा वऱ्हाडी गावात मातीचे घर उभारणे हे परंपरेने गवंड्याचे आणि सुताराचे काम, तर भिंती पांढऱ्या मातीने पोतारणे, जमीन सारवणे आणि भिंतीचे तडे बुजवणे हे घरच्या स्त्रियांचे. माती किती मुरवायची आणि शेण किती मिसळायचे हे ज्ञान त्यांच्या हातात असते, आणि मातीचे घर टिकते ते त्या ज्ञानावर. परंतु कायद्याच्या भाषेत वास्तुविशारद म्हणजे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने स्थापन झालेल्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती, त्यामुळे व्यावसायिकांच्या मेळाव्यात या स्त्रियांसाठी खुर्ची नव्हती. त्यांच्या हातच्या ज्ञानाशी सर्वात जवळचे काम कदाचित पुण्यात जन्मलेल्या, १९८९ मध्ये जे. जे. मधून पदवीधर झालेल्या अनुपमा कुंडू यांचे आहे. २०१२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ऑरोव्हिलमधील आपल्या 'वॉल हाउस'ची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली आणि त्यासाठी भारतीय कारागिरांनाही तेथे नेले.

गावातील मुलीला त्या खुर्चीपर्यंत नेणारा रस्ता शिक्षणाचा आहे. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९९४ मध्ये पुण्याच्या कर्वेनगरमध्ये भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय केवळ मुलींसाठी काढले, म्हणजे विधवांच्या आश्रमापासून सुरू झालेली संस्था अठ्ठ्याण्णव वर्षांनी वास्तुकलेच्या व्यवसायापर्यंत आली. या महाविद्यालयाचे महत्त्व मुंबईच्या परिषदेहून कमी मानता येत नाही, कारण परिषद व्यवसायात असलेल्यांना एकत्र आणते, तर महाविद्यालय त्यांची संख्या वाढवते. दरम्यान मेरी वूड्स आणि माधवी देसाई यांनी भारतीय स्त्री-वास्तुविशारदांचे स्वतंत्र इतिहास लिहिले, ज्यांतून मुंबई आणि दिल्लीतील कामांचे श्रेय प्रथमच सविस्तर तपासले गेले. आणि २०२० मध्ये, पहिल्या परिषदेनंतर दोन दशकांनी, सोमाया यांच्याच पुढाकाराने मुंबईत 'विमेन इन डिझाइन २०२० प्लस' ही परिषद भरली, जिच्या नावातच वास्तुकलेच्या पलीकडे, रचनेच्या इतर शाखांकडेही पाहण्याचा विस्तार होता.