डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ चे नागपूर प्रकरण

बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात एका मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे पूर्ण करावीत, ही घटना जितकी वाङ्मयीन तितकीच ऐतिहासिकही आहे. ग्रंथालयाच्या प्रारंभकाळी आपला जिल्हा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात मोडत होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. कायदे तेथे होत, विद्यापीठ तेथे होते आणि १९३६ पासून उच्च न्यायालयही तेथेच होते. छोट्या गाडीने गोंदिया गाठावे आणि तेथून नागपूरची गाडी धरावी, असा येथील वकील, विद्यार्थी व कार्यकर्ते यांचा परिपाठ होता. ते नाते १ नोव्हेंबर १९५६ रोजी तुटले. ते का तुटले याची कारणे शोधू लागलो की दृष्टी मागे मागे जाते आणि १९३८ च्या जुलै महिन्यातील एका वादळापाशी येऊन थांबते. ते वादळ म्हणजे डॉ. नारायण भास्कर खरे यांचे प्रकरण होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या विधिमंडळीय कारकिर्दीचा आणि तिच्या अर्थाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या प्रांताची घडण ध्यानी घेतली पाहिजे. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यात नर्मदाकाठचे हिंदी जिल्हे, छत्तीसगड आणि नागपूरकडील मराठी जिल्हे एकत्र बांधले गेले. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड त्यास जोडण्यात आला. १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून निर्माण झालेला बालाघाट म्हणजे या जोडकामाची जणू लहान प्रतिकृतीच. वैनगंगेच्या खोऱ्यात मराठी, पोवारी आणि हिंदी, तर वरच्या घाटमाथ्यावर गोंडी, असे भाषांचे सहजीवन येथे पूर्वापार आहे. सरकारला एकच प्रांत सोयीचा वाटला, तरी काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर भाषावार रचना स्वीकारली आणि याच प्रांतात महाकोशल, नागपूर व विदर्भ अशा तीन प्रांतिक समित्या झाल्या. शासन एक आणि पक्षसंघटना तीन, या विसंगतीतच पुढील संघर्षाचे बीज होते.

डॉ. खरे मूळचे पनवेलचे. जन्म १८८४ चा. शिक्षण जबलपूरला आणि वैद्यकीय शिक्षण लाहोरला. काही काळ सरकारी वैद्यकीय नोकरी करून ते नागपुरात स्थायिक झाले आणि काँग्रेसच्या कार्यात पडले. नागपुरातील ‘तरुण भारत’ या पत्राच्या उभारणीत त्यांचा हात होता. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९३५ ते १९३७ या काळात दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ते सभासद होते. स्वभाव निर्भीड, वाणी तिखट, आणि मनात आले ते तत्काळ करून टाकण्याची वृत्ती. डॉक्टरांच्या यशाचे श्रेय ज्या गुणांना द्यावे लागते, त्यांच्या पतनाचा दोषही त्याच गुणांकडे जातो.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. ११२ जागांच्या प्रांतिक विधानसभेत सुमारे ७० जागा काँग्रेसला मिळाल्या. नेता कोण हा प्रश्न आला तेव्हा संख्याबळ महाकोशलच्या बाजूने होते. तरीही निवड झाली ती नागपूरच्या डॉ. खऱ्यांची. याचे कारण महाकोशलमध्येच एकमत नव्हते. पंडित रविशंकर शुक्ल व पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यात त्या वेळी चढाओढ होती आणि मिश्रांनी आपले वजन खऱ्यांच्या पारड्यात टाकले. ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. पुढे या प्रकरणाला केवळ मराठी विरुद्ध हिंदी असे रूप देण्यात आले. पण खऱ्यांना नेतेपद मिळाले तेच हिंदी भाषक सभासदांच्या मतांवर.

जुलै १९३७ मध्ये मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. डॉ. खऱ्यांसह त्यात सात मंत्री होते. महाकोशलकडून शुक्ल, मिश्र आणि आपल्या शेजारच्या शिवनीचे दुर्गाशंकर मेहता. वऱ्हाडातून अमरावतीचे रामराव देशमुख व अकोल्याचे पु. ब. गोळे, आणि कायदामंत्री म्हणून महंमद युसूफ शरीफ. शरीफ यांनी एका अत्यंत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्याची मुदतीपूर्वी सुटका केली. त्यावरून प्रांतभर क्षोभ उसळला आणि १९३८ च्या पूर्वार्धात त्यांना पद सोडावे लागले. आता उरले सहा. त्यांत तीन मराठी व तीन हिंदी भाषक. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी नेमकी समतोल. ज्या मंत्रिमंडळात मतभेद मिटविण्यास सातवा माणूस नाही, तेथे प्रत्येक मतभेद हा गटाचा मतभेद होतो. खात्यांची वाटणी, बदल्या, नेमणुका, परस्परांविषयीच्या तक्रारी यांचा निचरा मंत्रिमंडळात होईना, तेव्हा तो पक्षश्रेष्ठींपुढे गेला. मे १९३८ मध्ये पचमढीला सरदार पटेल व मौलाना आझाद यांच्या उपस्थितीत समेट घडविण्यात आला. तो समेट दोन महिनेही टिकला नाही.

यानंतरच्या घटना इतक्या वेगाने घडल्या की त्या तारीखवारच पाहाव्या लागतात. वर्धा येथे २३ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक भरावयाची होती. तिची वाट न पाहता २० जुलै रोजी डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे व देशमुख त्यांच्याबरोबर होते. प्रधानाने राजीनामा दिला की सहकाऱ्यांनीही द्यावा या संकेतानुसार त्यांनी शुक्ल, मिश्र आणि मेहता यांजकडे राजीनामे मागितले. पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवाचून आम्ही पद सोडणार नाही, असे त्या तिघांनी कळविले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी आपला कायदेशीर अधिकार वापरून, रात्र उलटून पहाट होते न होते तोच, तिघांना बडतर्फ केले. २१ जुलै रोजी डॉ. खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. त्यात गोळे व देशमुख यांच्यासह छत्तीसगडचे कामगार पुढारी ठाकूर प्यारेलाल सिंह आणि दलित समाजाचे रा. ज. अग्निभोज हे होते. या अल्पायुषी मंत्रिमंडळात एका दलित प्रतिनिधीस स्थान मिळाले, ही बाब पुढे दीर्घकाळ चर्चेत राहिली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या लेखनात तिचा परामर्श घेतला.

वर्ध्याहून बोलावणे आले. आपल्या हातून चूक झाली हे तेथे पक्षश्रेष्ठींनी खऱ्यांच्या पदरात घातले आणि २३ जुलैला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. दोन-तीन दिवसांचे हे राज्य संपले. त्यानंतर सेवाग्रामला महात्मा गांधींच्या समक्ष एक निवेदन तयार करण्यात आले. त्यात दोषाची कबुली होती आणि मसुद्यात गांधीजींनी स्वहस्ते दुरुस्त्या केल्या होत्या. त्यावर सही करण्यास डॉ. खऱ्यांनी नकार दिला. २६ जुलैला कार्यकारिणीने ठराव करून त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले. त्याच ठरावात गव्हर्नरांच्या घाईवरही कडक टीका केली. २७ तारखेस विधिमंडळ पक्षाने पंडित शुक्लांना नेता निवडले आणि महिना संपण्यापूर्वी शुक्ल मंत्रिमंडळ कामास लागले. त्यात मिश्र व मेहता परतले. परंतु गोखले व भारुका या नव्या सहकाऱ्यांमुळे नागपूर-वऱ्हाडच्या बाजूसही काही जागा राहिली.

या प्रकरणाचा न्याय कसा करावा? डॉ. खऱ्यांची बाजू त्यांनी आपल्या पुस्तिकेत आणि नंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनात मांडली आहे. तिचे सार असे की, संसदीय राज्यपद्धतीत आपले सहकारी निवडण्याचा व बदलण्याचा अधिकार मुख्य प्रधानाचा असतो. मतदारांनी निवडलेल्या सभागृहास जबाबदार असलेला प्रधान सभागृहाबाहेरच्या समितीची परवानगी मागू लागला, तर ती संसदीय पद्धती कसली? हा युक्तिवाद हलका नाही. इंग्लंडचा दाखला घेतला तर तो बिनतोडच ठरतो.

दुसरी बाजू गांधीजींनी ऑगस्ट १९३८ मध्ये ‘हरिजन’मधून मांडली. काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारली ती राज्यसुखासाठी नव्हे, तर स्वातंत्र्याच्या लढ्याचे एक साधन म्हणून. लढाई चालू असताना प्रत्येक प्रांताचा सेनापती आपापल्या मर्जीने तह करू लागला तर लढाईच संपेल. त्यातही सहकाऱ्यांना काढण्यासाठी डॉक्टरांनी आधार घेतला तो परकीय सत्तेच्या गव्हर्नराचा. ज्या अधिकाराविरुद्ध पक्ष झगडत होता, तोच अधिकार त्यांनी स्वपक्षीयांवर चालवू दिला. कायद्याने हे कृत्य योग्य असेल. पण राजकीय औचित्याच्या कसोटीवर ते टिकत नाही.

प्रस्तुत लेखकास वाटते ते असे की, दोन्ही पक्षांची तत्त्वे खरी होती आणि दोन्ही पक्षांनी ती सोयीने वापरली. डॉ. खऱ्यांना प्रधानाच्या स्वातंत्र्याची आठवण झाली ती पचमढीत श्रेष्ठींची मध्यस्थी मान्य केल्यानंतर. श्रेष्ठींनी शिस्तीचा दंड उगारला तो मुख्यतः एकाच बाजूवर. मंत्रिमंडळ आतून पोखरण्यास जे कारण झाले त्या गटबाजीत दुसऱ्या बाजूचा वाटा किती, याचा हिशेब तितक्या कठोरपणे झाला नाही. १९३७ मध्ये मुंबईत बॅ. नरिमन यांच्याऐवजी बाळासाहेब खेर यांची निवड झाली, तेव्हाही श्रेष्ठींचा वरचष्मा हाच वादाचा मुद्दा होता. नागपूरच्या प्रकरणाने तो प्रश्न पुरता उघड्यावर आणला, इतकेच.

परिणाम मात्र दूरगामी झाले. मराठी जिल्ह्यांत अन्यायाची भावना पसरली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी याच विधानसभेने स्वतंत्र विदर्भ प्रांताचा ठराव संमत केला. नंतर १९४७ चा अकोला करार झाला आणि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. त्या आठांत बालाघाट नव्हता. मधल्या काळात १९५० च्या राजभाषा कायद्याने जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीसही राजभाषेचा मान मिळाला होता, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. १९५६ मध्ये आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, उच्च न्यायालय जबलपूरला आले, राजधानी भोपाळ झाली आणि बालाघाटच्या मराठी माणसाची भाषा शासनाच्या दप्तरातून उठून घरात आणि ग्रंथालयात येऊन राहिली. आपल्या संस्थेच्या कपाटांतील पुस्तकांना जे मोल आहे, ते या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

डॉ. खऱ्यांचे पुढील आयुष्य काँग्रेसबाहेर गेले. १९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल संबंध खात्याचे सभासद होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवर लादलेल्या कायद्यांविरुद्ध त्यांनी तेथे खंबीर भूमिका घेतली आणि त्या देशाशी व्यापारसंबंध तोडण्यापर्यंत मजल गेली. ही त्यांच्या कारकिर्दीची उजळ बाजू. काळी बाजू अलवरची. एप्रिल १९४७ पासून ते त्या संस्थानचे पंतप्रधान होते आणि त्याच काळात तेथील मेव मुसलमानांची भीषण कत्तल व हकालपट्टी झाली. त्या पापाची जबाबदारी राज्यकारभार पाहणाऱ्याच्या माथी येणारच. ती टाळून त्यांचे चरित्र लिहिणे इतिहासास धरून होणार नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये त्यांना दिल्लीतून हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बहुमताने निकाल विरुद्ध गेला, तरी नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावरील आरंभीच्या महत्त्वाच्या खटल्यांत त्याची गणना होते. १९५२ मध्ये ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले.

आणि त्यांचे प्रतिस्पर्धी? पंडित शुक्ल १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी निवर्तले. पंडित मिश्र १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९६७ च्या जुलै महिन्यातच गोविंद नारायण सिंह यांच्यासह ३६ आमदार काँग्रेस सोडून विरोधी बाकांवर गेले आणि मिश्रांचे सरकार कोसळले. ज्यांनी १९३८ मध्ये पक्षाची आज्ञा हीच मोठी मानली, त्यांना एकोणतीस वर्षांनी पक्षाज्ञा न मानणाऱ्यांनीच पदच्युत केले. पुढे १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. पण आमदार प्रथम कोणाचा, मतदारांचा, सभागृहाचा की पक्षाचा, हा प्रश्न कायद्याने मिटलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये याच राज्यात आमदारांच्या राजीनाम्यांनी आणखी एक सरकार गेले, तेव्हा तो पुन्हा आपल्या दाराशी उभा राहिला.

डॉ. खरे हे थोर पुरुष होते असे म्हणता येत नाही आणि केवळ खलपुरुष होते असेही नाही. एका चुकीच्या जोडणीच्या प्रांताचे, एका अर्ध्या स्वराज्याचे आणि एका तापट स्वभावाचे ओझे त्यांच्या एकाच जुलै महिन्यावर पडले. त्या ओझ्याचा काही भाग सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यानेही वाहिला आहे. म्हणूनच हे प्रकरण नागपूरच्या इतिहासात ठेवून विसरता येण्याजोगे नाही. शतकोत्तर वाटचालीत आपल्या ग्रंथालयाने त्या काळची वृत्तपत्रे, विधिमंडळाची कामकाजवृत्ते व चरित्रे जिथून मिळतील तिथून मिळवून जतन करावीत आणि बालाघाटच्या तरुण वाचकांनी ती दोन्ही बाजूंनी वाचावीत, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.