खुरपं सुटलं, पण जमीन कुठे आहे?

जुलै महिन्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही रस्त्याने जा. पूर्वी सोयाबीनमध्ये आपल्या आया-बहिणी खुरपं घेऊन ओळीने बसलेल्या दिसायच्या. आता पाठीवर पंप घेतलेला एकच माणूस दिसतो. बऱ्याचदा तोही आपल्याच वस्तीतला असतो.

'मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशक आले,' असे शेतमालक सांगतात. ही अर्धीच गोष्ट आहे. २,४-डी हे तणनाशक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संशोधनातून आले. पुढे अमेरिकेने त्यात २,४,५-टी मिसळून 'एजंट ऑरेंज' म्हणून ते व्हिएतनामच्या जंगलांवर फवारले. १९७० मध्ये मोन्सँटोच्या जॉन फ्रँझ यांनी ग्लायफोसेटचा तण मारण्याचा गुण शोधला, १९७४ मध्ये ते बाजारात आले आणि १९९६ मध्ये ते सहन करणारे सोयाबीन अमेरिकेत पेरले गेले. बियाणेही कंपनीचे आणि विषही कंपनीचेच! या सगळ्या हिशेबात खुरपणीच्या रोजावर चूल पेटवणारी भूमिहीन बाई कुठेच नव्हती.

मग आम्ही खुरपणीसाठी रडायचे का? मुळीच नाही. दिवसभर चिखलात वाकून बसणे ही काही मुक्ती नव्हती. पावसाची झड लागली, वाफसा नसला, की कोळपे चालत नाही. तेव्हा दोन एकरवाला आपला माणूसही तणनाशकच मारतो. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी स्पष्ट मांडले की दोष यंत्राचा नसून त्याचा फायदा मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी शेतीवरचे जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळवा, असे सांगितले होते. आमच्याकडे हात रिकामे झाले, पण उद्योग आले नाहीत. माणसे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला गेली.

उरलेल्यांच्या पाठीवर पंप आला. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ती औषधे मुख्यतः कीटकनाशके होती, पण पंप तोच आणि उघडे अंगही तेच. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उताराच नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे विकले जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी, असा आदेश काढला. आपल्या गावात असा परवानाधारक कोणी पाहिला आहे का?

म्हणून मागणी 'तणनाशक बंद करा' एवढ्यावर थांबवू नका. फवारणाऱ्याला मोफत संरक्षक साहित्य, विषबाधेत भरपाई, बायांना पावसाळ्यातही रोजगार हमीचे काम, आणि मूळ मागणी जमिनीची. दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याचसाठी होता. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसायला सांगितली, ती याचसाठी.

गायरान कसणाऱ्या आपल्या कुटुंबांचे कागद आजही अडकून आहेत. खुरपं हातातून सुटले आहे. आता त्या हातात सातबारा आला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!