एकसष्टचं कोडं आणि विज्जडविडाचा वाद

भास्कराचार्य नेमके कुठले, हा वाद आपल्याकडे जुना आहे. काही जण विज्जडविड म्हणजे विजापूर असं सांगतात, तर खानदेशातली मंडळी चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. आचार्यांनी स्वतः ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितलंय ते इतकंच: जन्म शके १०३६ (इ.स. १११४), ग्रंथ वयाच्या ३६ व्या वर्षी रचला, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाला. मला वाटतं, गावावरून भांडताना त्यांचं गणित मात्र बाजूला राहून जातं. म्हणून इथे त्यांच्या एका मोठ्या संख्येबद्दल लिहितो.

‘बीजगणिता’त त्यांनी विचारलंय: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्गच येतो? ६१ च्या जागी ६० घेतले तर काम सोपं. ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजेच ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ आणि ६३ वर भागतं. पण मधल्या ६१ साठी सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. पहिलं कनिष्ठ मूळ, दुसरं ज्येष्ठ.

हे अंदाजपंचे सापडणं शक्य नाही. त्यासाठी चक्रवाल रीत आहे. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. पुढच्याच फेरीत ३९ आणि ५ मिळतात: १५२१ वजा १५२५, म्हणजे उणे ४. त्यावरून ब्रह्मगुप्तांच्या भावनेने २९,७१८ आणि ३,८०५ येतात, तिथे फरक उणे १. पुन्हा एकदा भावना केली की उत्तर हातात. वहीपेन्सिल घेऊन मी हे करून पाहिलं, एका पानात बसतं. तुम्हीही करून बघा.

चक्रवाल भास्करांच्या आधीचं आहे. ११ व्या शतकातल्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या गणितीची ही रीत आली आहे. पुढे १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून घातला. त्याला भास्करांचा ग्रंथ ठाऊक असल्याचा पुरावा नाही. ‘बीजगणिता’चं कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ चं.

आता पुन्हा पाटणकडे येऊ. तिथल्या १३ व्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्करांचा नातू चांगदेव, म्हणजे सिंघण यादवाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातल्या विक्रीतून आणि तेलाच्या घाण्यांवरून मठाला काय द्यायचं, ते त्यात ठरवून दिलंय.

या लेखाने जन्मगावाचा निकाल लागत नाही. पण वारसा कसा सांभाळतात, ते मात्र कळतं. ही गणितं कुणीतरी शिकत राहावीत म्हणून तेली आणि दुकानदार आपला वाटा देत होते. आचार्य आमचेच असं म्हणायचं असेल, तर ६१ चं उदाहरण आपल्या मुलांना सोडवता आलं पाहिजे.